मागच्या फळीवरची कॅसेट

माझ्या व्हिडिओ लायब्ररीच्या वरच राहणारा तो म्हणजे मारधाडीच्या पिक्चरचा नुसता किडा. दर रविवारी कॅसेट नेणार आणि मग वरून किंकाळ्या, धपाधप, फुटाफूट; सगळी इमारत कानात बोटं घालून बसणार.

आज त्याच्या आवडीचा सगळा माल बाहेर गेलेला. म्हणून मागच्या फळीवर धूळ खात पडलेला, कोणी न विचारलेला एक अफलातून जुना पिक्चर मी कौतुकाने दिला. कव्हरवरचा रक्ताळलेला सुरा बघूनच गडी खूश.

तासाभरात वरून अशी किंकाळी आली, की माझ्या हातातला चहा सांडला.

"आज भलताच भयानक पिक्चर दिलास रे!" शेजारच्या काकू हसल्या. "त्याची बायको कशी सहन करते, कोण जाणे."



दुकान उघडं टाकून मी जिन्याकडे धावलो. मूकपट दिला होता मी त्याला.