बिनसाखरेचा चहा

यामिनीमावशींनी फोन पालथा ठेवला, लगेच पुन्हा उताणा केला. लंडनमध्ये दुपार झाली होती. तिथल्या मंत्रिमंडळाच्या फेरबदलातली नावं आजच ठरायची होती, आणि खासदार मावशींचंही नाव चर्चेत होतं. व्याख्यानासाठी अमेरिकेत आल्या, वेस्ट विंडसरला भाचीकडे चार दिवस टेकल्या, तर नेमकं हे!

"मावशी, चार्ज आहे ना?" बूट घालता घालता भाचेजावई शंतनूने विचारलं. "नाहीतर तुमचे पंतप्रधान व्हॉइसमेलला लागायचे."

"तू पळ रे. ट्रेन चुकेल तुझी."

देवापुढे निरांजन लावून भाची रेणू आली ती रक्तदाबाचं यंत्र घेऊनच. "मावशी, हात पुढे कर."

"पुन्हा? मघाशीच झालं की!"

"मघाशी वाढलेलं होतं."

"खुर्ची मिळाली की उतरेल आपोआप."

रेणूने यंत्राचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. मागच्या खेपेला मंत्री असताना मावशी भर सभागृहात कोसळल्या, तेव्हा हीच विमानाने धावली होती, महिनाभर उशाशी बसली होती. मावशींना मात्र त्यातला राजीनामाच तेवढा आठवायचा.

चहा तयार झाला. मावशींनी साखरेचा डबा तिच्याकडे सरकवला.

"नको. मी गोड सोडलंय."

"कधीपासून?"

"तुझं नाव पुन्हा पेपरात यायला लागलं, तेव्हापासून."

मावशींनी तिचा हात हातात घेतला. "माझ्यासाठी गं?"

"तुझ्यासाठीच."

"वेडी! शपथ घेतली की पहिला पेढा तुला."

रेणू नुसती हसली. तिचीही नजर फोनवरून हलत नव्हती.

फोन वाजला. मावशी खिडकीशी गेल्या, इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलल्या, कुणाचं तरी अभिनंदन केलं. मग तिथेच उभ्या राहिल्या. स्वतःपेक्षा त्यांना रेणूचं वाईट वाटत होतं. एवढी नेमाची, देवाने तिचंही ऐकू नये? आता सांगायचं तरी कसं?

"रेणू, दुसऱ्या बाईला दिलं गं."

"मग पुढच्या वेळी?"

"आता कसली पुढची वेळ? या वयात कोण विचारतंय!"

"नक्की?"

"नक्की."

रेणू उठून देवापाशी गेली. बराच वेळ हात जोडून उभी राहिली. डोळे पुसताना दिसली, तशी मावशींनी मान फिरवली. त्यांना बघवेना.

मग रेणू गुणगुणत स्वयंपाकघरात आली. तिने निवलेला चहा पुन्हा गरम केला, दोन कपांत ओतला, आणि आपल्या कपात दोन चमचे साखर घातली.