वेगळा कीबोर्ड

१९९९ साली महेंद्र संगमनेरजवळच्या एका खाजगी डेअरीत कॉम्प्युटरच्या कामाला लागला. मालक उत्तमरावांनी पहिल्याच दिवशी त्याचं आडनाव विचारलं आणि लगोलग पुण्याहून यूएसबीचा वेगळा कीबोर्ड नि माऊस मागवला. "लॅपटॉपची बटनं लई नाजूक असत्यात. तू आपला ह्याच्यावर काम कर," ते म्हणाले. लॅपटॉपवरच्या लिनक्स ह्या संगणकप्रणालीला यूएसबीची ओळखच नव्हती. महेंद्रने डोकं लढवून दोन्ही चालू केले. मालक यंत्राला एवढं जपतो, याचं त्याला कौतुकच वाटलं.

खंडेनवमीला वजनकाट्यापासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं. कीबोर्ड आणि माऊस तेवढे टेबलाखाली फरशीवर पडले होते. महेंद्र ते उचलायला वाकला, तशी उत्तमरावांनी हाक दिली, "ऱ्हाऊ दे तिथंच. पूजेत तुझ्या हातचं नको." कारकून सुनील मात्र तंबाखू मळलेल्या बोटांनी त्याच नाजूक बटणांवर झेंडूची फुलं ठेवत होता.

महेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी तो ऑफिसातून सगळ्यांच्या शेवटी निघाला.

दसऱ्यानंतर लॅपटॉपचं एकही बटण चालेना. चालत होता फक्त महेंद्रचा कीबोर्ड. आधी सुनीलला आणि मग खुद्द उत्तमरावांना त्याच्यावरच बोटं ठेवावी लागली.

"आरं, हे नीट कर की," उत्तमराव खेकसले.


"करतो ना साहेब," महेंद्र म्हणाला, "पण लॅपटॉपला हात लावावा लागेल."