क्रुसाची घंटा

दोहातल्या अल मुंतझा भागातल्या खोलीत डॉमनिक फोन उलटा ठेवून बसला होता. वसईत बापाला माती देऊन झाली होती. त्याला रजा मिळाली नव्हती. रडूही येत नव्हतं. "मयताची घंटा तरी कानावर पडायला हवी होती," तो म्हणाला. बाप जन्मभर सांगायचा, पोर्तुगीजांच्या अमलात कोळी, वाडवळ, सामवेदी सगळ्या जातींचे लोक चर्चच्या एकाच घंटेवर उठायचे. वसईचा किल्ला पडल्यावर मराठ्यांनी ती घंटा नेली. खोलीतला साताऱ्याचा रंगनाथ चुळबुळला. "आमच्या देवळात क्रुसाची घंटा हाय. तुमच्याच वसईची." त्यानं बायको तानूबाईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तिनं फोन चालू ठेवूनच देवळात जाऊन घंटा आरतीसारखी घणाघणा वाजवली. "वहिनी, सावकाश. मयताला एकेक टोला देतात," डॉमनिक म्हणाला. तिनं हळदीकुंकवानं माखलेल्या क्रुसाखालचा लोलक धरला. एक टोला. दुसरा. पायरीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण गेलं गं?" "घरचंच माणूस," म्हणत तिनं तिसरा दिला.