लवकर पिकणारं वाण

सून विजयमाला घागर घेऊन गल्लीच्या वळणाला दिसेनाशी झाली, तशी मालनबाई परसात शिरली. पानं बाजूला सारून तिनं एक टमाटं निरखून बघितलं. हिरव्यावर पिवळसर झाक आली होती. झाडावर राहिलं तर दोन दिसांत लाल होणार. तिनं इकडंतिकडं बघितलं, ते तोडलं, शेजारचं तोडलं आणि दोन्ही उकिरड्यात खोल दाबून टाकली.

तिनं घाईघाईनं हात धुतले. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या बांधावरची शेंग तिनं तोडली नव्हती. आता आपल्याच परसात ती चोर झाली होती.

बी आणलं होतं गोरक्षनाथनं. मालनबाईचा हा एकुलता एक. नगरजवळ नागापूरला कारखान्यात लागला होता, अधूनमधून तिसगावला यायचा. सोबतच्या कामगारानं त्याला हे लवकर पिकणारं वाण दिलं होतं.

"बहात्तर साल असं कोरडं गेलं, रानात काय राह्यलं न्हाई," तो तेव्हा म्हणाला होता. "पर ही रोपं सांडपान्यावर जगतील. लोकांच्या टमाट्यांना फुलं असतील तवर आपली बाजारात जातील. आई, तुझं तुला भागाय लागलं, की मी हिला घिऊन जातो. खोली बघितलीय. नळ हाय तिथं."

"ने की," मालनबाई चारचौघांत म्हणाली होती. "बाईनं नवऱ्याजवळच र्‍हावं."

म्हणाली खरी, पण मनातून तिला ते नको होतं. नवरा गेल्यापासून त्या घरात भिंतींशीच बोलायचं. विजयमाला आली आणि चुलीपुढं पुन्हा दोन ताटं लागली. या पोरीनं तिला एक दिवस एकटीला जेवू दिलं नव्हतं. पण सून अडवून ठेवणारी सासू कशी असते, ते मालनबाईनं स्वतः भोगलं होतं. तसलं नाव आपल्याला लागू नये म्हणून ती तोंडानं 'जा' म्हणायची आणि हातानं फळं तोडायची.

विजयमाला रोज रोपांपाशी बसायची. भांड्यांचं पाणी ओंजळी-ओंजळीनं घालायची. पोरीला जायची घाई झालीय, मालनबाईला वाटायचं. असल्या सालात नळाचं पाणी कुणाला नको?

"आत्याबाई, अजून एकबी पिकलं न्हाई."

"थंडीनं असंल."

"व्हय, थंडीनंच," विजयमाला खाली मान घालून म्हणायची.

कधी कधी मालनबाईनं हेरून ठेवलेलं फळ दुसऱ्या दिवशी जागेवर नसायचंच. खारीनं नेलं असेल. तेवढंच आपलं पाप कमी, असं तिला वाटायचं.

शेजारची कडूबाई मात्र कुंपणावरून डोकावायची. "लवकरचं वाण न्हवं का हे? परवा लई फळं हुती. जात्यात कुटं?"

त्या एका प्रश्नानं मालनबाईची झोप उडाली. कडूबाईच्या तोंडातून गोष्ट निघाली की ती नागापूरलाच पोचायची.

आणि एका संध्याकाळी गोरक्षनाथ न कळवता आला. एरवी यष्टीतून उतरला की गल्लीतूनच हाका मारत येणारा, त्या दिवशी दारात मुका उभा. जेवताना मान वर केली नाही. मालनबाईनं त्याच्याकडं न बघताच भाकरी वाढली. दुपारीच तिनं तीन फळं उकिरड्यात पुरली होती.

सकाळी विजयमाला पाण्याला गेली. गोरक्षनाथनं दार लोटून घेतलं आणि आईसमोर बसला.

"टमाटी का पिकंनात, ते मला कळलं."

मालनबाईनं खांब धरला.

"काल मी मागल्या वाटंनं आलो. मी कुणाला दिसलो न्हाई, पर मला समदं दिसलं. आपल्या घरातलंच मानूस असं करंल, वाटलं न्हवतं गं."

ती तोंड उघडू लागली.

"तू आधी ऐक. मी बोललो तर ती रडती, तवा तुझ्या सुनंला आता तूच समजाव. कच्ची फळं तोडून पदराच्या वट्यात घिऊन बसलीती. म्हनती, आत्याबाईंना टाकून मी कुटं यायची न्हाई."