देवाला आई म्हणताना

“प्रार्थनेत ‘हे बापा’ म्हणताना माझी जीभ अडते, बाई,” सलोमी म्हणाली आणि तिनं मनगटावरचा भाजल्याचा डाग ओढणीखाली घेतला. तो तिच्या बापानंच दिला होता.

त्याच आठवड्यात चर्चच्या पाळक ऑर्पाबाई भिंगारदिवे यांनी तिच्यासाठी एक गीत लिहिलं. त्यात देवाला ‘आई’ अशी हाक होती. सलोमी चाल शिकली आणि कितीतरी दिवसांनी हसली. “रविवारी म्हणू या ना?”

शनिवारी चर्चच्या कमिटीतली वडीलधारी मंडळी ऑर्पाबाईंच्या घरी येऊन बसली. “बाई माणूस वेदीपाशी उभी राहते, हेच अजून पुष्कळांना पचलेलं नाही. आता देवालाही बाई करू नका. बदली होईल.”

त्या वेदीपाशी पोचायला ऑर्पाबाईंना बावीस वर्षं लागली होती. रविवारी त्यांनी जुनंच गीत सांगितलं. सगळे उभे राहून ‘हे बापा’ गाऊ लागले, तशी सलोमी बाहेर निघून गेली.

ऑर्पाबाई दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी गेल्या. सलोमीनं त्यांना आत बोलावलं नाही. “गीत चांगलं होतं, बाई,” ती दारातूनच म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही तरी घाबरणार नाही.”

पुढच्या रविवारी ऑर्पाबाईंनी ते गीत म्हटलं. साथीला कुणीच आलं नाही. आवाज दोनदा फुटला, तरी त्यांनी चारही कडवी एकटीनं पुरी केली.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्या रविवारी गाताना मात्र त्या प्रत्येक कडव्याला दाराकडे बघत होत्या. सलोमी आली नव्हती.