टिल्ल्या

हंगामाची सुरुवात म्हणून आमच्या क्लबात जोड्यांचे मैत्रीचे सामने असतात. यंदा चिठ्ठ्या टाकल्या, तर दोघे सख्खे भाऊच एका जोडीत आले. थोरला सुतार, धाकटा शाळामास्तर. आई गेली, घराची वाटणी झाली आणि तेव्हापासून दोघांत अबोला.

कप्तान चाचरत म्हणाला, "जोडी बदलून देऊ का?"

दोघेही पॅड बांधू लागले.

मैदानातही तोंडातून शब्द नाही. नुसत्या नजरेवर धावा चालल्या होत्या. मग थोरल्याने चेंडू हलकेच ढकलला आणि पळत सुटला. धाकटा उशिरा निघाला. फेक येताना दिसली तसा थोरला जिवाच्या आकांताने ओरडला, "टिल्ल्या, पळ!"

टक्कल पडलेले मास्तर भर खेळपट्टीत थबकले. यष्ट्या उडाल्या. जोडीच्या खेळात बाद झालेला बाहेर जात नाही, पाच धावा तेवढ्या कापतात.

थोरला तणतणत आला. "अरे, पोचला असतास की! थांबलास कशाला?"

धाकट्याने ग्लोव्हजनेच डोळे पुसले.

"आई गेल्यावर या नावाने कुणी हाकच मारली नव्हती, दादा."