वाट चुकलेले

सुनेने सकाळपासून आपल्याला फोनला जुंपलंय, अशी द्वारकाबाईंची तक्रार होती. घरच्या मसाल्यांच्या वेबसाइटवर कशालाही बोट लावलं, तरी त्यांचाच नंबर लागत होता.

"आई, वेबसाइटचा चुकीचा पत्ता टाकणाऱ्याला तुमच्याकडे पाठवायचा नियम यादीत सगळ्यात खाली हवा होता. मी तो सगळ्यांच्या वर लिहिला. वरचा नियम आधी लागतो, म्हणून सगळेच तुमच्याकडे वळले," सून म्हणाली.

"म्हणून सगळा गाव माझ्या गळ्यात? गोडा मसाला आमटीत कधी घालायचा, हेही मीच सांगायचं! घसा बसला गं."

सुनेने नियम खाली सरकवला आणि फोन गप्प झाला. द्वारकाबाईंनी पाय पसरले, पण हात सारखा फोनकडे जात होता. यजमान गेल्यापासून त्यांच्याशी एवढं कुणी बोललंच नव्हतं.

"वेबसाइट सुधारलीस, पण घर मुकं केलंस," त्या सुनेला म्हणाल्या. "गोड्या मसाल्याचा रस्ता तेवढा माझ्याकडेच राहू दे."